डीपी कितीची?

नगर जिल्ह्यात विजेच्या विषयावर कुणालाही शहाणपण शिकवायला जाऊ नये. (अहिल्यानगर हे नाव कागदोपत्री पक्कं झालंय, पण एसटीच्या कंडक्टरपासून आमच्या आक्कापर्यंत सगळे बोलताना अजून 'नगर'च म्हणतात, म्हणून इथेही तसंच.) लाईट कधी येते, आली तर किती टिकते आणि कुणाच्या मोटरीमुळे जाते, हे इथल्या माणसाला तिथी-वारापेक्षा पक्कं ठाऊक असतं. श्रीरामपूर-राहुरीकडे तर मुळा-प्रवरा ही लोकांची स्वतःची वीज सहकारी संस्था होती. साखर सहकारी, दूध सहकारी, मग विजेनेच काय घोडं मारलंय, असा रोखठोक हिशेब. २०११ मध्ये तिचा परवाना संपला, कारभार महावितरणकडे गेला आणि तक्रारीचा पत्ता बदलला. तक्रार तीच राहिली.

एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या पाळीला एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि उसात बिबट्या आहे की नाही याचा अंदाज कानांवर. एवढं करून मोटर चालू करायला जावं आणि ती नुसती घरघरावी. मग माणूस तिथल्या तिथे अंधारात निदान करतो: 'उचलत नाही. व्होल्टेज पडलंय. वरच्या मळ्यातल्यानं साडेसात एचपीची सोडली असणार.' हे निदान नव्वद टक्के वेळा बरोबर निघतं. उरलेल्या दहा टक्क्यांत वरच्या मळ्यातल्याने दहाची सोडलेली असते.

आणि याच माणसाच्या घरात टीव्हीशेजारी एक कॉम्प्युटर असतो. त्याच्या पोटात एक पत्र्याचा डबा असतो. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे बारा, पाच आणि ३.३ व्होल्ट करून आत सगळ्यांना वाटणं, हे त्या डब्याचं काम. या डब्यावर किती लोड आहे, हे त्या घरात आजवर कुणीही विचारलेलं नसतं.

याला कारण आहे. एसएमपीएस (दुकानात, कॉलेजात, दुरुस्तीवाल्याकडे सगळे त्याला हेच म्हणतात) कुणी विकत घेत नाही. तो कॅबिनेटबरोबर येतो, साडीच्या पिशवीसारखा. कॅबिनेट मात्र निवडून घेतात. पुढे जाळी की काच, पंखे तीन की चार, त्यांतले दिवे निळे की सात रंगांचे, रिमोट आहे का. पंख्यांच्या रंगावर बाप-लेकात पाऊण तास खल होतो. शेवटी दुकानदार म्हणतो, 'आणि आत चारशे पन्नासचा एसएमपीएस फ्री.' इथे बाप पहिल्यांदा हसतो. पाहुण्यांना दाखवता येत नाही अशा वस्तूवर पैसे घालायचे नाहीत, हा आपला जुना शिरस्ता. काचेतून पंखे दिसतात, मेमरीवरचे दिवे दिसतात. एसएमपीएस तळाशी, वेगळ्या झाकणाखाली, अंधारात बसवलेला असतो.

आमचा भाचा नगरला सावेडीत खोली करून राहतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. घरी सांगितलेलं कारण 'प्रोजेक्टला लागतं' हे. प्रोजेक्टमध्ये बंदुका, मोटारी आणि मधूनच 'अरे मागून ये ना!' अशा आरोळ्या असतात, हे मी त्याच्या खोलीच्या दाराबाहेर उभा राहून ऐकलेलं आहे. ते असो. कार्ड सेकंडहँड, आरटीएक्स ३०६०. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी नाण्याची कार्डांवर चालणारी खाणकामं बंद झाली आणि खाणीत राबलेली कार्डं जगभर स्वस्तात बाजारात आली. त्यांतलंच एखादं असणार. विकणारा मात्र शपथेवर सांगत होता की कार्ड 'घरगुती वापरातलं' आहे, जशी सेकंडहँड बाजारातली प्रत्येक मोटारसायकल डॉक्टरांनी वापरलेली असते.

"मामा, फक्त एवढंच सांगा, आपला एसएमपीएस उचलेल का?"

हा प्रश्न त्याने माझ्याआधी बऱ्याच जणांना विचारला होता. मित्र म्हणाला, 'माझ्याकडे चालतंय.' मित्राकडे कुठलं कार्ड, कुठला डबा, हा तपशील त्याच्या लेखी गैरलागू. दुकानदार म्हणाला, 'चारशे पन्नास आहे ना? चालून जाईल.' इंटरनेटवरच्या हिशेबयंत्राने त्याला पंखे किती, हार्डडिस्क किती, यूएसबीला काय काय जोडलंय, अशी सोयरिकीला आल्यासारखी सगळी चौकशी केली. फक्त हातात असलेला डबा कुठल्या लायकीचा आहे, हे विचारलं नाही. कार्डाच्या कंपनीचं सांगणं ५५० वॅट. कार्ड स्वतः १७० वॅट खातं, मग ५५० कशाला? तर तुमच्याकडे कुठल्या प्रतीचा डबा असेल हे कंपनीला माहीत नसतं, म्हणून ती वाईटातला वाईट धरून आकडा फुगवून ठेवते. मुलीकडच्यांनी जेवणाला किती माणसं येणार ते विचारल्यावर सांगतात, तसा. चांगल्या प्रतीचा खराखुरा ४५० चा एसएमपीएस हे कार्ड सहज चालवतो. प्रश्न 'खराखुरा' इथे अडतो.

दुकानदाराने तर प्रात्यक्षिकही दाखवलं होतं. एसएमपीएसच्या मोठ्या जोडातली हिरवी वायर आणि शेजारची काळी, यांत यू-पिन घालून दोन्ही एकत्र केल्या. पंखा गरकन फिरला. 'बघा! ओके आहे.' ही परीक्षा खोटी नाही. डबा जिवंत आहे एवढं ती सिद्ध करते. नाडी लागते म्हणून माणसाला पोतं उचलायला लावायचं की नाही, एवढाच मुद्दा उरतो.

तेव्हा कॅबिनेट उघडलं. प्लग काढून, अर्थातच. बाजूची काच काढली, तळाचं झाकण काढलं, आणि तिथे दोन पावसाळ्यांची धूळ, एक मेलेलं झुरळ आणि हरवलेलं आधार कार्ड सापडलं. एसएमपीएसच्या अंगावर माहितीचा स्टिकर असतो, आणि बसवणाऱ्याने डबा अशा खुबीने बसवलेला असतो की स्टिकर पत्र्याकडे तोंड करून राहावा. मागचे चार स्क्रू काढून डबा फिरवल्याशिवाय तो वाचता येत नाही. हे सगळं चालू असताना दाजी आले.

दाजी राहुरी तालुक्यातले. कांदा घेऊन नेप्तीच्या बाजाराला आले होते. भाव काय लागला हे चेहऱ्यावरच वाचता येत होतं, म्हणून विचारलं नाही.

"काय पाव्हणं, खोलून बसलाय. काय जळालं?"

"अजून काही नाही."

"मग व्हईल," असं म्हणून ते खुर्ची ओढून बसले. पोराच्या कार्डाचं प्रकरण त्यांना अर्धं माहीत होतं, उरलेलं मी सांगितलं. वॅट, पिना, कंपनीचा आकडा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचलेल्या भाच्याने, त्याच्या मित्राने आणि दुकानदाराने मिळून जो विचारला नव्हता, तो.

"डीपी कितीची?"

डीपी म्हणजे मळ्यातल्या मोटरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. त्याची ऐपत केव्हीएत सांगतात: पंचवीसची, त्रेसष्टची, शंभरची. स्टिकर वाचला. वर ठळक अक्षरांत मॉडेलचं नाव, त्यात ४५० हा आकडा. नीट पाहिलं तर ४५० च्या पुढे 'वॅट' असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. ते नुसतं नाव होतं, जसं एखाद्याचं नाव कुबेर असावं. खाली बारीक अक्षरांत तक्ता. ३.३ व्होल्टपुढे इतके अँपिअर, पाच व्होल्टपुढे तितके, आणि बारा व्होल्टपुढे सोळा. आताच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही खादाड मंडळी जवळपास सगळी वीज बारा व्होल्टच्या लाइनीवरूनच घेतात. पाच आणि ३.३ ची लाईन फुटकळ कामांना. तेव्हा हिशेब एकाच ओळीचा: बारा गुणिले सोळा.

भाच्याने मोबाइलवर कॅल्क्युलेटर शोधायला घेतला. दाजी म्हणाले, "एकशे ब्याण्णव."

"फक्त?" भाचा.

"म्हंजे पाटी त्रेसष्टची आन आत कोर पंचवीसचा," दाजी म्हणाले. "आमच्याकडं आशी डीपी बसवली आसती तर वायरमनला गावात ठिवला नसता."

मग आम्ही मागणी मांडली. प्रोसेसर बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह. त्याची कंपनी त्याला ६५ वॅटचा म्हणते आणि पूर्ण जोरात असताना तो ११७ पर्यंत जाऊ शकतो असंही तीच सांगते. कार्ड १७०. बोर्ड, मेमरी, डिस्क आणि सात रंगांचे पंखे मिळून पन्नासेक. बेरीज ३३७. डब्याची ऐपत १९२. कार्ड नसताना सगळं सुरळीत चालत होतं, यात एसएमपीएसचं कर्तृत्व काही नव्हतं. त्याच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं.

दाजींना आता विषय सापडला होता. त्यांच्या मळ्याच्या डीपीवर पाच एचपीच्या मोटरी आहेत. मोटरी वाढत गेल्या की काय होतं, याचं त्यांनी केलेलं वर्णन मी कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा वर ठेवीन. "लोक म्हनतेत डीपी जळाली. येकदम जळत नाय ती. आधी व्होल्टेज पडतं. मोटरी घरघर करतेत. येखाद्याचं वायंडिंग जातं, त्यो म्हनतो मोटरच खराब. मग फ्यूज उडतो. मग कुनीतरी हुशार मानूस फ्यूजला जाड तार टाकतो. मंग जळती." नेमका हाच क्रम एसएमपीएसचा. आधी बाराचे साडेअकरा होतात, खेळ ऐन रंगात येतो आणि कॉम्प्युटर फटकन बंद पडून पुन्हा सुरू होतो. पडदा निळा होत नाही, काही संदेश येत नाही. मुलगा म्हणतो गेमच खराब. चांगल्या डब्यात लोड वाढला की आपण होऊन बंद व्हायची सोय असते. अगदी स्वस्तात किंमत बसवायची तर पहिली काटछाट बहुधा अशाच सोयींवर होते. म्हणजे जाड तार कारखान्यातूनच टाकून आलेली.

"आन लाईट आल्या आल्या?" दाजींनी विचारलं.

हा प्रश्न मात्र अभ्यासूंच्या वर्गातला होता. रात्री दोनला उठून कोण जाणार, म्हणून मोटरीला ऑटोस्विच लावून ठेवतात. लाईट आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटर चालतानाच्या पाच-सहा पट करंट ओढते. म्हणून महावितरण घसा कोरडा करून सांगत असतं की ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. ग्राफिक्स कार्डालाही हीच खोड आहे. १७० हा त्याचा सरासरी आहार. एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं ते मध्येच कितीतरी जास्त ओढतं. मोठ्या कार्डांची ही हावरट सवय इतकी वाढली की २०२२ मध्ये इंटेलला एटीएक्स ३.० हा नवा नियम आणावा लागला: मोठ्या एसएमपीएसने दुप्पट मागणीचा झटका शंभर मायक्रोसेकंद तरी बंद न पडता सोसला पाहिजे. मी हे सांगितलं तेव्हा दाजी म्हणाले, "मग त्येंनी ऑटोच काढायचा ना." इंटेलच्या हे लक्षात आलं नसावं.

भाचा अजून हरला नव्हता. त्याने खिशातून एक वायर काढली. त्याच्या कार्डाला आठ पिनांचा जोड लागतो. आठ पिनांतून १५० वॅट घेता येतात, सहा पिनांतून ७५ आणि बोर्डावरच्या खाचेतून आणखी ७५, असा नियम. आमच्या डब्याला आठ पिनांचा असा जोडच नव्हता. खरं तर हा स्टिकरपेक्षा बोलका पुरावा. ज्याला स्वतःवर भरवसा असतो तो डबा कार्डासाठी वायर देतो. दुकानदाराने त्यावर तोड काढली होती: जुन्या हार्डडिस्कचे दोन जोड एकत्र करून त्यांतून आठ पिना काढणारी कन्व्हर्टर वायर.

दाजींनी ती वायर हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "म्हंजे आकडा टाकायचा म्हना की."

यापुढे त्या वायरबद्दल काही बोलायची गरज उरली नाही. एक मात्र सांगून ठेवतो. प्रोसेसरच्या वायरीलाही आठच पिना असतात आणि ती मोकळी दिसली की पोरांच्या हाताला खाज सुटते. तिच्यात बारा व्होल्ट आणि अर्थिंगच्या जागा कार्डाच्या वायरीच्या उलट असतात. खटका बसत नसला तर समजावं की तो बसू नये अशीच रचना आहे. जोर लावू नये.

"आपण गोल्ड घेऊ," भाचा म्हणाला. एटी प्लस गोल्ड. हा बिल्ला पाहिला की लोकांना वाटतं डबा जास्त ताकदीचा. बिल्ला ताकदीचा नाही, काटकसरीचा आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते आणि किती नुसती उष्णता होऊन जाते, ते तो सांगतो. निम्म्या लोडला सुमारे ९० टक्के वीज कामी आली की गोल्ड, त्याहून कमीला सिल्व्हर, ब्राँझ असं खाली. दाजींनी यावर विचारलं, "वायंडिंग तांब्याचं हाये का ते इचार. गोल्ड काय करायचंय?" एसएमपीएसच्या दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तिथेही वजन हातावर तोलून पाहणारे जाणते आहेत, आणि ते फारसे फसत नाहीत.

मग आक्काचा फोन. तिला वाटत होतं, मोठा डबा घेतला तर खोलीचं लाईटबिल वाढेल. ही समजूत फार पसरलेली आहे. ५५० चा एसएमपीएस म्हणजे तो सारखे ५५० वॅट पीत बसतो असं नव्हे. आत जेवढं मागतील तेवढंच तो बाहेरून आणतो. दाजींनी परस्पर निकाल दिला, "अगं, डीपी शंभरची हाये म्हनून शंभराचं बिल येतं का?" मग जरा थांबून, "आन आपल्याला येतं तरी कुठं आता?" साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून सरकारने वीज मोफत केली आहे, त्यामुळे विजेच्या बिलावर दाजी सध्या मोठ्या मनाने बोलतात.

आक्काचा दुसरा मुद्दा मात्र खोडता आला नाही. "चार हजार त्या डब्यात घालायचे, आन त्यो दिसनार बी नाय?"

भाच्याच्या टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस होता. निम्म्या जिल्ह्यात टेबलाखाली हाच असतो. ६०० म्हणजे वॅट नव्हेत, साधारण ३६०. केव्हीए आणि किलोवॅट यांतला फरक दाजींना सांगावा लागला नाही, भाच्याला सांगावा लागला. आणि यूपीएसला पीसीबरोबर मॉनिटर, राउटर आणि मोबाइलचा चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, सेलोटेपने बांधून. लार्सन अँड टुब्रोने ज्या गावच्या एमआयडीसीत स्विचगिअरचा कारखाना उभा केला, त्या गावातलं हे वायरिंग. नवा एसएमपीएस आला, कार्डाने पूर्ण जोर धरला आणि नेमकी तेव्हा लाईट गेली, तर ३३७ वॅट, त्यावर मॉनिटर, शिवाय डब्यात वाया जाणारे. यूपीएस एकदा टूंक करून डोळे मिटणार.

भाच्याने शेवटचा डाव टाकला. परदेशात तर हजार वॅटचे डबे वापरतात, त्यांचं काही जळत नाही, म्हणाला. हेही खरं नाही. २०२२ मध्येच आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचं, राजाच्या किमतीचं कार्ड आलं आणि त्याच्या नव्या, ६०० वॅटपर्यंतच्या बारीक जोडाची टोकं काही जणांकडे वितळली. एनव्हिडियाने चौकशी करून सांगितलं की जोड पूर्ण आत दाबून बसवलेला नव्हता, हे त्यातलं नेहमी आढळणारं कारण.

"लूज कनेक्शन," दाजी म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

शेवटी दोनच रस्ते होते. एक, अधिकची वायर न लागणारं, खाचेतल्या ७५ वॅटवर भागणारं जीटीएक्स १६५० सारखं कार्ड. भाच्याने ते नाव ऐकून जो चेहरा केला, तो पाहता हा रस्ता सोडून दिला. शिवाय पूर्ण जोरात १९२ वर तेही बसत नव्हतंच. दुसरा, आधी चांगल्या कंपनीचा ५५० चा एसएमपीएस. बारा व्होल्टपुढे चाळीसच्या वर अँपिअर लिहिलेला, कार्डाची वायर स्वतःची असलेला, पाच वर्षांची वॉरंटी असलेला. दाजींनी कांद्याच्या पट्टीतून पैसे काढून दिले. "आधी डीपी, मोटर मागून," एवढंच बोलले. कार्डाचे पैसे त्या पट्टीत बसले नाहीत. तेव्हा सध्या भाच्याकडे नगरमधला बहुधा सर्वांत निर्धास्त एसएमपीएस आहे, ३३७ वॅट सहज पेलणारा, आणि त्यावर तो वर्ड फाइलमध्ये प्रोजेक्ट लिहितो.

तुमच्या घरातही कुणी कार्ड घ्यायला निघालं असेल, तर खोक्यावरचा मोठा आकडा सोडून द्या. प्लग काढा, चार स्क्रू काढा, डबा फिरवा आणि बारा व्होल्टपुढचे अँपिअर वाचून बाराने गुणा. बाराच्या लाइनी दोन दाखवल्या असतील, तर दोन्हींची बेरीज करू नका. दोन्ही मिळून किती, ते खाली वेगळं दिलेलं असतं. आलेल्या आकड्यात प्रोसेसर, कार्ड आणि वरचे पन्नास बसून चौथा हिस्सा तरी शिल्लक राहिला पाहिजे. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज बराच वेळ साठलेला असतो. वाचायचा तो स्टिकर बाहेरच्या बाजूला चिकटवलेला असतो.